किल्ली कोणाच्या हाती? : संगणकाच्या पहिल्या क्षणाचा इतिहास



ज्या शाळेच्या बाकावर बसून अक्षरे गिरवली, त्याच शाळेच्या सभागृहात स्मृतिव्याख्यान देण्यासाठी उभे राहताना मन भरून येणे स्वाभाविक आहे. ज्यांच्या स्मृतीप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, ते आमचे सर इतिहासाचे शिक्षक होते. मी मात्र आयुष्यभर यंत्रांत रमलेला मनुष्य. तेव्हा इतिहासाच्या व्यासपीठावर संगणकाचे काय काम, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. त्याचे उत्तर सरांनीच मला ४० वर्षांपूर्वी देऊन ठेवले आहे.

आम्ही नववीत असताना सरांनी एका जुन्या मोडी पत्राचे छायाचित्र वर्गात आणले होते. ते सर्वांच्या हातांतून फिरल्यावर त्यांनी विचारले, "हे पत्र खरे कशावरून?" आम्ही गप्प. मग त्यांनी पत्राच्या माथ्यावरचा शिक्का दाखवला आणि मजकूर जेथे संपतो तेथील लहानसे मोर्तब दाखवले. शिक्का सांगतो की पत्र कोणाच्या अधिकाराने निघाले. मोर्तब सांगते की मजकूर येथे संपला, याखाली कोणी एखादी ओळ घुसडली तर ती खोटी. लांब पत्रासाठी कागदाचे बंद एकमेकांस चिकटवीत आणि त्या जोडांवर पाठीमागून मुद्रा उठवीत, म्हणजे मधला एखादा बंद बदलता येऊ नये. "शिक्कामोर्तब" हा शब्द आपण रोज वापरतो. त्यामागे अविश्वासातून जन्मलेली केवढी शहाणी व्यवस्था आहे, हे त्या दिवशी कळले. आज मी जे सांगणार आहे ते याच व्यवस्थेचे अलीकडचे प्रकरण आहे.

कपाटातील २२ लॅपटॉप

प्रसंग असा घडला. २०२५ च्या १४ ऑक्टोबरला मायक्रोसॉफ्टने 'विंडोज १०' या कार्यप्रणालीला पुरवावयाच्या नियमित सुधारणा थांबवल्या. 'विंडोज ११' च्या अटींत न बसणारी असंख्य चांगली यंत्रे त्यामुळे एकाएकी 'जुनी' ठरली. उद्यमबागेतील आमच्या काही माजी विद्यार्थ्यांनी आपापल्या कारखान्यांतील असे २२ लॅपटॉप शाळेला दिले. त्यांवर लिनक्स ही मुक्त कार्यप्रणाली बसवून प्रयोगशाळा उभी करावी, असे ठरले आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर ते काम माझ्याकडे आले.

पहिल्याच दिवशी फजिती झाली. पेनड्राइव्ह लावून यंत्र सुरू करावे, तर काही पडद्यांवर लाल चौकट येई: 'इनव्हॅलिड सिग्नेचर डिटेक्टेड', म्हणजे सही ग्राह्य नाही. मी घाईने यंत्राच्या सेटअपमध्ये शिरलो, 'सिक्युअर बूट' नावाचा पर्याय बंद केला आणि पुढच्या यंत्राकडे वळलो. नववीतील एक मुलगी हे पाहत होती. ती म्हणाली, "काका, कुलूप काढूनच टाकायचं होतं, तर मग लावलंय कशाला?"

मला उत्तर देता आले नाही. अनेक वर्षे यंत्रांत घालवूनही त्या कुलपाचा इतिहास मी कधी नीट पाहिला नव्हता. त्या रात्री मला सरांची आठवण झाली. आजचे व्याख्यान म्हणजे त्या मुलीच्या प्रश्नाचे थोडे उशिरा दिलेले उत्तर होय.

पहारा नसलेली वेस

संगणक सुरू करण्याला 'बूट' करणे म्हणतात. स्वतःच्याच बुटाचे बंद ओढून स्वतःला वर उचलावे, अशा अर्थाच्या एका इंग्रजी वाक्प्रचारातून हा शब्द आला. अडचणही नेमकी तशीच आहे. वीज आल्याच्या क्षणी स्मृती रिकामी असते. कार्यप्रणाली डिस्कवर असते. पण डिस्कवरून ती वाचून आणण्याची आज्ञा तरी कोण देणार? म्हणून यंत्राच्या पटावरील एका चिपमध्ये एक छोटी आज्ञावली कायमची बसवलेली असते. तिला फर्मवेअर म्हणतात. यंत्रात सर्वप्रथम जागे होते ते हेच.

१९८१ च्या ऑगस्टमध्ये आयबीएम कंपनीने आपला वैयक्तिक संगणक जाहीर केला, तेव्हा या आज्ञावलीचे नाव 'बायोस' असे होते आणि ती अवघ्या ८ किलोबाइटांत मावत असे. पुढे रूढ झालेल्या पद्धतीत बायोस डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांचा तुकडा उचलून स्मृतीत ठेवी, त्याच्या शेवटी ठरावीक दोन बाइटांची खूण आहे एवढे पाही आणि सारा कारभार त्याच्या स्वाधीन करी. तो तुकडा कोणी लिहिला, मध्ये कोणी बदलला काय, याची विचारपूस नव्हती. लखोट्यावर लाख आहे ना, मग मुद्रा कोणाची ते पाहावयाचे नाही, अशातला हा प्रकार होता.

या भोळेपणाचे दोन परिणाम झाले आणि ते दोन्ही लक्षात ठेवण्याजोगे आहेत.

पहिला परिणाम स्वातंत्र्याचा. १९९१ च्या ऑगस्टमध्ये हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टॉरवल्ड्स या विद्यार्थ्याने आपण छंद म्हणून एक कार्यप्रणाली लिहीत असल्याचे जाहीर केले. तीच पुढे लिनक्स झाली. ती आपल्या यंत्रावर चालवण्यासाठी कोणाचीही परवानगी लागत नव्हती, कारण वेशीवर पहारेकरीच नव्हता. पुढे 'लिलो' आणि 'ग्रब' या आरंभक आज्ञावल्या आल्या. एकाच यंत्रावर दोन कार्यप्रणाली ठेवून हवी ती सुरू करण्याची सोय त्यांनी केली.

दुसरा परिणाम उपद्रवाचा. १९८६ मध्ये लाहोरच्या दोघा भावांनी लिहिलेला 'ब्रेन' हा विषाणू फ्लॉपीच्या नेमक्या याच पहिल्या तुकड्यात जाऊन बसे. आपल्या वैद्यकीय आज्ञावलीच्या चोरट्या प्रती निघू नयेत, हा त्यांचा सांगितलेला हेतू होता; पण तो विषाणू देशोदेशी पसरला. २६ एप्रिल १९९९ रोजी तैवानमधील एका विद्यार्थ्याने लिहिलेला 'सीआयएच' विषाणू जागा झाला. तो डिस्कवरील मजकूर पुसून थांबत नसे. जमेल तेथे फर्मवेअरच खरवडून टाकी. मग यंत्र सुरू होण्याचा प्रश्नच उरत नसे.

जोडांवरील मुद्रा

उपाय सुचला तो सरांच्या मोडी पत्राशी आश्चर्यकारक साम्य असलेला. त्याचे गणित आधीच तयार होते. १९७६ मध्ये डिफी आणि हेलमन यांनी जोडकिल्ल्यांची कल्पना मांडली; पुढील वर्षी रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी ती प्रत्यक्षात आणण्याची रीत शोधली. एक किल्ली गुप्त ठेवावयाची, दुसरी जगजाहीर करावयाची. गुप्त किल्लीने केलेली सही जाहीर किल्लीने कोणालाही पडताळता येते. आणि मजकुरातील एक अक्षर जरी बदलले तरी पडताळणी फसते. शिक्का आणि मोर्तब दोन्ही एकाच सहीत आले.

१९९७ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या आर्बॉ, फार्बर आणि स्मिथ या संशोधकांनी हे तत्त्व संगणकाच्या आरंभाला लावून दाखवले. प्रत्येक पायरीने पुढच्या पायरीची सही तपासावी आणि मगच तिच्या हाती कारभार द्यावा. बंदाच्या प्रत्येक जोडावर मुद्रा, असेच ते होते.

दरम्यान बायोस थकत चालला होता. इंटेलने आपल्या नव्या प्रोसेसरांसाठी घडवलेली 'ईएफआय' ही रचना २००५ मध्ये अनेक कंपन्यांच्या एका मंचाकडे सोपवली गेली आणि तिचे नाव 'यूईएफआय' झाले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या २.३.१ या आवृत्तीत सिक्युअर बूटची व्यवस्था पक्की झाली. तीत चार खाती आहेत. पहिल्यात यंत्राची मुख्य किल्ली, जी बहुधा उत्पादकाची असते. दुसऱ्यात पुढील दोन याद्यांत फेरफार करण्याचा अधिकार देणाऱ्या किल्ल्या. तिसऱ्यात ज्यांच्या सह्या ग्राह्य धरावयाच्या त्यांची यादी. चौथ्यात ज्यांना वेशीतून आत घ्यावयाचे नाही त्यांची यादी. सगळी व्यवस्था चोख होती. एकच प्रश्न उरला होता, आणि तो गणिताचा नव्हता: तिसऱ्या खात्यात नावे कोणाची?

वाद आणि तडजोड

त्या प्रश्नाचे उत्तर बाजाराने दिले. २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये 'विंडोज ८' येणार होती आणि तिचे बोधचिन्ह लावू इच्छिणाऱ्या उत्पादकांनी सिक्युअर बूट चालू ठेवूनच यंत्रे विकावीत, अशी अट मायक्रोसॉफ्टने घातली. साहजिकच जवळजवळ प्रत्येक यंत्रात मायक्रोसॉफ्टची किल्ली येणार हे निश्चित झाले. इतर कोणाची येईल याची शाश्वती नव्हती. २०११ च्या सप्टेंबरमध्ये रेड हॅट कंपनीतील मॅथ्यू गॅरेट यांनी हा धोका जाहीरपणे मांडला, आणि मुक्त आज्ञावलींचा पुरस्कार करणाऱ्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने त्याविरुद्ध सह्यांची मोहीम उघडली. नेहमीच्या इंटेल पद्धतीच्या संगणकांवर मालकाला हे कुलूप बंद करता आले पाहिजे आणि स्वतःच्या किल्ल्या घालता आल्या पाहिजेत, असे त्या वेळच्या नियमावलीत स्पष्ट होते. एआरएम प्रोसेसरांच्या यंत्रांवर मात्र कुलूप बंद करण्यास मनाई होती. २०१५ मध्ये 'विंडोज १०' आली, तेव्हा इंटेल पद्धतीच्या यंत्रांवरही ही मुभा ठेवावी की नाही हे उत्पादकांच्या मर्जीवर सोपवले गेले.

लिनक्सवाल्यांपुढे तीन मार्ग होते. प्रत्येक उत्पादकाला विनवून आपली किल्ली यंत्रात घालून घ्यावी. पण मोठ्या संस्थेला जे साधेल ते लहानांना कसे साधावे? सर्व लिनक्ससाठी एक सामाईक किल्ली करावी. पण ती सांभाळणारी संस्था आणि पैसा कोठून आणावा? तिसरा मार्ग अभिमानाला टोचणारा होता: मायक्रोसॉफ्टकडूनच सही घ्यावी. २०१२ मध्ये गॅरेट आणि फेडोरा प्रकल्पातील त्यांच्या सहकाऱ्यांनी हा तिसरा मार्ग धरला. त्याचे शुल्क होते एकदाच भरावयाचे ९९ डॉलर.

पण त्यांनी सही घेतली ती सबंध लिनक्सवर नव्हे. 'शिम' नावाची एक छोटी आज्ञावली लिहिली. लाकडाचा सांधा नीट बसावा म्हणून सुतार जी बारीक पाचर ठोकतो, तिला इंग्रजीत शिम म्हणतात. या पाचरीवर मायक्रोसॉफ्टची सही. पाचरीच्या पोटात फेडोराची स्वतःची किल्ली. फर्मवेअर पाचरीला ओळखते, पाचर ग्रबला ओळखते, ग्रबच्या मागून येणारा लिनक्सचा गाभाही त्याच किल्लीने पडताळला जातो. सुसे कंपनीच्या मंडळींनी त्यात एक मोलाची भर घातली: यंत्राच्या मालकाला स्वतःची किल्ली नोंदवता यावी. तिचे नावच 'मशीन ओनर की', म्हणजे यंत्रमालकाची किल्ली. २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये उबुंटू, २०१३ च्या जानेवारीत फेडोरा आणि २०१९ च्या जुलैत डेबियन या व्यवस्थेसह बाहेर पडले.

ही शरणागती होती काय? तेव्हा अनेकांनी तसे म्हटले आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य नव्हते असे नाही. आपल्या घराच्या दाराची किल्ली शेजारच्या वाड्यातून मागून आणावी लागणे कोणाला रुचेल? परंतु मालकाची किल्ली नोंदवण्याची फट या तडजोडीने उघडी राखली, हेही नोंदवले पाहिजे.

कुलपाचेही दोष

कुलूप लागले म्हणून चोर थांबले नाहीत. २०२० च्या जुलैत ग्रबमधील 'बूटहोल' हा दोष उघड झाला: ग्रबवर सही होती, पण ते वाचत असलेल्या मांडणीच्या फाइलीवर नव्हती, आणि त्या फटीतून आत शिरता येत होते. दोषी आवृत्त्या चौथ्या खात्यात, म्हणजे बंदीच्या यादीत टाकाव्या लागल्या; त्या एका प्रसंगातच यादीच्या ३२ किलोबाइटांपैकी सुमारे १० किलोबाइट खर्ची पडले. म्हणून पुढे प्रत्येक आज्ञावलीला पिढीचा क्रमांक देण्याची आणि ठरावीक पिढीच्या आधीच्या सर्वांना एकदम नाकारण्याची रीत आली. २०२३ मध्ये 'ब्लॅकलोटस' या घातक आज्ञावलीने विंडोजच्याच जुन्या, पण सही असलेल्या आरंभकाचा आधार घेऊन वेस ओलांडली. २०२४ च्या जुलैत तर असे उघडकीस आले की शेकडो नमुन्यांच्या यंत्रांत मुख्य किल्ली म्हणून चाचणीपुरती केलेली किल्लीच राहून गेली होती, आणि तिच्या नावातच 'विश्वास ठेवू नये' असे लिहिलेले होते! मुद्रा राजाची, पण ती बाजारात कोणाच्याही हाती. अशा मुद्रेचा काय उपयोग?

त्या मुलीचे उत्तर

हा इतिहास वाचून मी पुन्हा प्रयोगशाळेत गेलो, तेव्हा प्रत्येक अडचणीचे मूळ दिसू लागले. मुलांना घेऊन आम्ही एकेक यंत्र पुन्हा तपासले.

काही यंत्रे लाल चौकट दाखवत होती, कारण माझा पेनड्राइव्ह कित्येक वर्षांपूर्वीचा होता. २०२४ च्या ऑगस्टमधील विंडोजच्या एका सुधारणेने जुन्या पिढीच्या पाचरी नाकारण्यास सुरुवात केली होती, आणि दोन कार्यप्रणाली ठेवणाऱ्या अनेकांचे लिनक्स तेव्हा असेच अडले होते. उपाय कुलूप काढण्याचा नव्हता, नवी आवृत्ती उतरवून घेण्याचा होता.

दोन यंत्रांवर सिक्युअर बूटचा पर्याय फिकट दिसे आणि हलत नसे. आधी सेटअपला सुपरवायझर पासवर्ड दिल्यावरच तो हाती आला. तो पासवर्ड मुख्याध्यापकांच्या नोंदवहीत लिहून ठेवला, कारण तो विसरणे म्हणजे नवे कुलूप ओढवून घेणे. दोन-तीन यंत्रे जुन्या बायोसची नक्कल करण्याच्या पद्धतीवर लावलेली होती. ती यूईएफआय पद्धतीवर आणल्याशिवाय सिक्युअर बूटला अर्थच नव्हता. एका नव्या यंत्रात मायक्रोसॉफ्टचे विंडोजसाठीचे प्रमाणपत्र मान्य होते, इतरांसाठीचे मात्र कारखान्यातच बंद ठेवलेले होते. सेटअपमध्ये 'थर्ड पार्टी' असे लिहिलेला तो एक पर्याय चालू करताच पाचर ओळखली गेली.

माझी एक चूकही सांगतो. एका लॅपटॉपवर कार्यालयासाठी विंडोज राखावयाची होती. मी न विचारता कुलूप काढले, आणि पुढच्या वेळी त्या यंत्राने ४८ अंकांची पुनःप्राप्ती-किल्ली मागितली. डिस्कवरील मजकूर सांकेतिक रूपात होता आणि वेशीवरची व्यवस्था बदलल्याचे यंत्राच्या लक्षात आले होते. देणगीदारांनी ती किल्ली जपून ठेवली होती म्हणून निभावले. कोणताही फेरफार करण्यापूर्वी ती किल्ली हाती असल्याची खात्री करावी, हा धडा मी वर्गाच्या फळ्यावर लिहिला.

शेवटची अडचण वायफायची. एका यंत्रातील वायफायचा ड्रायव्हर त्याच यंत्रावर नव्याने तयार होत असे, म्हणून त्यावर कोणाचीच सही नव्हती, आणि लिनक्सचा गाभा त्याला आत घेत नव्हता. येथे यंत्रमालकाची किल्ली उपयोगी पडली. लिनक्स बसवताना एकदाच लागणारा एक परवलीचा शब्द ठरवला. यंत्र पुन्हा सुरू होताना निळा पडदा आला. तो जेमतेम १० सेकंद थांबतो. पहिल्या खेपेस आमच्या हातून निसटला आणि सारे पुन्हा करावे लागले. दुसऱ्या खेपेस त्याच मुलीने वेळेवर कळ दाबली, किल्ली नोंदवण्याचा पर्याय निवडला आणि परवलीचा शब्द टंकला. हे काम दुरून करता येत नाही; यंत्रासमोर माणूस बसलेला असावा लागतो. मालक कोण, याची यंत्राने केलेली ती साधी परीक्षा आहे.

आज २२ पैकी १९ यंत्रे कुलूप चालू ठेवून लिनक्सवर चालतात. एक विंडोजवर कार्यालयात आहे. एकाचा पट जळलेला निघाला. एकाचे फर्मवेअर काही केल्या ऐकेना; त्याचे कुलूप बंद आहे, आणि मुलांनी त्याच्या झाकणावर तशी चिठ्ठी लावली आहे. न लपवता लिहून ठेवलेली उणीव ही निम्मी सुरक्षाच असते.

ही कथा येथे संपत नाही. २०११ च्या ज्या प्रमाणपत्राच्या बळावर लिनक्सची पाचर ओळखली जाते, त्यावर जून २०२६ ही अखेरची तारीख घातलेली आहे आणि त्याच्या जागी २०२३ चे नवे प्रमाणपत्र सिद्ध झाले आहे. तारीख उलटली म्हणून चालू यंत्र बंद पडत नाही. परंतु नव्या सह्या ओळखण्यासाठी जुन्या यंत्रांना नवे प्रमाणपत्र मिळावे लागते. ज्या यंत्रांकडे उत्पादकाने पाठ फिरवली आहे, त्यांची काळजी त्यांच्या मालकालाच वाहावी लागेल. आमच्या प्रयोगशाळेच्या वहीत त्यासाठी एक पान राखून ठेवले आहे.

मित्रहो, कुलूप वाईट नसते. पहाऱ्याविना वेस उघडी ठेवल्याने काय होते ते १९८६ ने आणि १९९९ ने दाखवले. पण आपल्या घराच्या कुलपाची किल्ली कोणाकडे आहे, ती कोणी घडवली आणि गरज पडल्यास आपली किल्ली कशी नोंदवावी, हे घरमालकाला ठाऊक असले पाहिजे. ते ठाऊक नसेल तर तो मालक न राहता भाडेकरू होतो. घाईने कुलूप काढून फेकणारा मी आणि "मग लावलंय कशाला?" असे विचारणारी ती मुलगी, या दोघांत सरांची खरी विद्यार्थिनी कोण, हे आपण जाणताच. "हे पत्र खरे कशावरून?" हा सरांचा प्रश्न त्यांच्या पश्चात, त्यांना कधीही न पाहिलेल्या एका मुलीच्या तोंडून या शाळेत पुन्हा विचारला गेला. त्यांचे याहून मोठे स्मारक मला ठाऊक नाही.

 सरांच्या स्मृतीस वंदन करून मी येथेच थांबतो.